गोड्यास पत्र

प्रिय गोड्या,

दोन वर्षं पत्र नाही, फोन नाही. घाल शिव्या. गुडघा बरा, शुगर काठावर, आई ठीक.

मंगळवारी चिमीने वहीत लिहिलं, 'आय गोड टू आजी'. 'वेन्ट'च्या जागी 'गो'ला 'एड' लावून 'गोड', तुझ्यासारखंच. मी असा खेकसलो की तिच्या हातातली पेन्सिल पडली. आणि एकदम पाचवीचा वर्ग दिसला. तुझा पुढे केलेला हात, मास्तरांची छडी, मागच्या बाकावर फिदीफिदी हसणारा मी. तुझं बारसंही त्याच दिवशी मी केलं. (बाळ्याने नव्हे. किती वेळा सांगू?)

रात्री झोप येईना, म्हणून 'गो' उकरत बसलो. लेका, 'वेन्ट' मुळात 'गो'चा नाहीच! तो 'वेन्ड'चा, म्हणजे वळणे. जसं 'सेन्ड'चं 'सेन्ट'. जुन्या इंग्रजीत 'गो'चा भूतकाळ होता 'एओडे', तोही भलत्याच धातूचा. 15व्या शतकाच्या सुमारास 'वेन्ट'ने त्याची जागा बळकावली, आणि बिचाऱ्या 'वेन्ड'ला 'वेन्डेड' शिवून घ्यावं लागलं. 'गो'ला स्वतःचा भूतकाळ तू देऊ केलास, नि वर छडी खाल्लीस.

आणि आपण कुठल्या तोंडाने हसायचं? 'जातो'चं 'गेलो' कसं होतं सांग! 'जाणे' संस्कृत 'या'पासून, 'गेला' 'गम्'पासून. चिमी तीन वर्षांची असताना 'आजी गावाला जाली' म्हणायची, तेव्हा व्हिडिओ काढून आम्ही अख्ख्या खानदानाला पाठवले. चार वर्षांनी तीच चूक इंग्रजीत केली, तर मी ओरडतो. मास्तर माझ्यात कधी येऊन बसले रे? हातात छडी नाही, एवढंच. सकाळी सॉरी म्हणालो, तर विचारते, "मग गोड लिहू?" मार्क तर कापणारच. म्हटलं, शाळेत वेन्ट, घरी गोड. चुकलो का? तुझ्याशिवाय कोणाला विचारू?

वहिनींची बदली थांबली का? पोराच्या बारावीचं काय झालं? हप्त्यांचं फोनवर बोलू.

हो, अजून एक. आपला 'गम्' आणि इंग्रजांचा 'कम' एकाच मुळाचे. म्हणजे आपला 'गेला' आणि त्यांचा 'आला' चुलतभाऊ! तू मात्र मागच्या खेपेला गणपतीत 'येतो' म्हणून गेलास, तो गेलासच. माझा सायकलचा पंप घेऊन.

तुझा,
बंड्या