काळजी घ्या आणि काळजी करू नका

सातारा

प्रिय सुमन,

मिरजेतल्या नव्या नर्सना मराठी शिकवायला घेतलंस आणि सुरुवात भावनांच्या शब्दांपासून करणार आहेस, हे फार चांगलं केलंस. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी तिथं इस्पितळ काढलं. आज मिरजेला लांबलांबून पेशंट येतात, आणि पेशंटचं पहिलं वाक्य काय होतंय, कसं वाटतंय याचंच असतं. तू शब्दांची यादी मागितलीस. देते, पण क्रियापदांसकट. मराठीत भावनेच्या शब्दाचं क्रियापद ठरलेलं असतं.

राग, कंटाळा, किळस, आठवण, रडू हे सगळं 'येतं'. भीती, लाज, काळजी, अभिमान, आश्चर्य 'वाटतं'. आनंद, त्रास, पश्चात्ताप 'होतो'. भूक, तहान, धाप, ओढ 'लागते'. असं का, याचा नियम शोधत बसू नकोस. जोडीच पाठ करून घे आणि एका तासाला सहाच्या वर जोड्या नकोत.

'मला' लावायची सवय मात्र केरळ-कर्नाटकच्या मुलींना शिकवावी लागणार नाही. कन्नडमध्ये 'ननगे सिट्टु बंतु' म्हणजे शब्दाला शब्द 'मला राग आला'. मल्याळममध्येही भूक लागलेला माणूस 'एनिक्कु'नेच, म्हणजे 'मला'नेच सुरुवात करतो. त्या अडखळतील लिंगावर. मल्याळम क्रियापदाला लिंगवचन लागतच नाही, आणि कन्नडमध्ये माणसं आणि देव सोडले तर बाकी सगळं नपुंसकलिंगी. म्हणून 'भीती वाटलं', 'राग आलं' ऐकायला मिळेल. त्यावर उपाय एकच: शब्द फळ्यावर लिहितानाच 'भीती वाटली', 'राग आला', 'दुःख झालं' असा भूतकाळात लिही, म्हणजे लिंग जोडीतच बसतं. 'मला मळमळतं' हे त्यांना पहिल्या दिवशी जमेल, कारण भावकर्तृक क्रियापदाला कर्ताच नाही, ते नेहमी नपुंसकलिंगीच राहतं.

काळाचीही एक गंमत आहे, ती नीट समजावून दे. आत्ता भूक आहे हे आपण 'भूक लागली' असं, झालेल्या गोष्टीसारखं सांगतो. 'मला भूक लागते' म्हटलं तर ती रोजची तक्रार होते. झोपेचंही तसंच. 'झोप आली' म्हणजे डोळे मिटायला लागलेत आणि 'झोप लागली' म्हणजे माणूस झोपला. सकाळच्या राउंडला 'झोप लागली का?' हाच प्रश्न बरोबर.

आता ज्यासाठी एक अख्खा तास राखून ठेवावास ती गोष्ट. काळजी वाटते, काळजी करतो, काळजी घेतो, काळजी लागते. चारही वाक्यांत नाम तेच, पण 'वाटणं' आपोआप होतं, 'करणं' माणूस स्वतः ओढवून घेतो, 'घेणं' म्हणजे जपणं, आणि 'लागणं' म्हणजे ती मनातून जाता जात नाही. घरी सोडताना सिस्टर धीर द्यायला म्हणून 'काळजी घेऊ नका' म्हणाली, तर म्हाताऱ्या माणसानं पथ्य सोडून द्यावं असाच त्याचा अर्थ होतो! 'काळजी करू नका' आणि 'काळजी घ्या' ही दोन वाक्यं लागोपाठ, एका दमात म्हणून घे. तसंच 'कीव'. कीव येते ती मनात; 'मला तुमची कीव येते' हे तोंडावर बोललं की अपमान होतो. नर्सनं हा शब्द समजून घ्यावा, वापरू नये.

दुखणं आणि दुःख यांची गल्लत सगळ्याच नवशिक्यांची होते. 'पोटात दुःख आहे' असं कोणी म्हणत नाही, पोट दुखतं. दुःख मनाला होतं. आणि आपल्या सातारा-सांगलीकडचा पेशंट तर बहुतेक वेळा एवढंच सांगणार: 'लय तरास होतोय' किंवा 'कसंतरीच होतंय'. यावरून काहीच कळत नाही, म्हणून पुढचे शब्द नर्सनं पुरवायचे. पोटात कळ येते का? छातीत जळजळतं का? पाठीत चमक भरते का? जखम ठणकते का? लघवीला आग होते का? हे पाच प्रश्न पाठ असले की निम्मं काम झालं. 'जीव घाबरा होतोय' म्हटलं की मात्र भित्रेपणा समजू नये. त्या माणसाला बहुधा धडधड, घाम किंवा धाप लागलेली असते. लगेच नाडी आणि बीपी बघायचं. 'कासावीस होतंय' याचंही तसंच.

हुरहूर, रुखरुख, चुटपुट हे शब्द पहिल्या महिन्यात घेऊच नकोस. ते फार सुंदर आहेत, पण वॉर्डात लागत नाहीत.

मतांचे शब्द मात्र लागतात. हिंदीच्या वळणानं 'मी विचार करते की ताप उतरेल' असं कोणी म्हणालं तर तिथंच सुधार. 'मला वाटतं ताप उतरेल'. 'मी वाटते' तर नकोच, त्यात एकतर पेढे वाटणं आहे, नाहीतर चटणी. 'मला वाटतं' हा अंदाज. 'माझ्या मते' म्हणजे विचार करून ठरवलेलं, ते डॉक्टरांच्या तोंडी शोभतं. 'माझं म्हणणं असं की' याला वादाचा सूर आहे, नातेवाइकांशी बोलताना टाळावं. आणि नकार मऊ करायचा तर 'नाही' हे 'वाटणं'ला जोडायचं: 'आज सोडतील असं वाटत नाही' हे 'आज सोडणार नाहीत' पेक्षा ऐकणाऱ्याला सोसतं.

सगळ्यात नाजूक जागा ऑपरेशनच्या संमतीची. तिथं 'कळलं का?' एवढंच विचारून थांबू नये. कळलं म्हणजे ऐकलं आणि समजलं. पटलं म्हणजे मनानं घेतलं. माणूस 'कळलं' म्हणून मान हलवतो आणि गोळ्या उशीखाली ठेवतो, कारण त्याला पटलेलं नसतं. म्हणून 'पटलं का? काही शंका?' असं विचारायला शिकव. उत्तरात 'चालेल' आलं तर फारशी हौस नाही पण होकार आहे. 'बघू की' आलं तर तो होकार धरू नये. आपल्याकडं तोंडावर नाही म्हणणं जड जातं, तिथं 'बघू की' वापरतात. आणि 'घरी विचारून सांगतो' आलं तर 'कोणाला विचारायचंय? त्यांना बोलावू या का?' हे वाक्य तयार असू दे.

जोड्यांचा तक्ता वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलाय. वर्गात आणखी काय अडतंय ते कळव.

तुझी,
कुंदा