लाँचरची नस बरोबर पकडणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आयकॉन दाबताच टर्मिनलमध्ये एआय कोडिंग एजंट सुरू करून देणाऱ्या आमच्या छोट्या लाँचरसाठी तुम्ही पाठवलेल्या दुरुस्त्या मुख्य ब्रँचमध्ये (कोडच्या मुख्य शाखेत) घेतल्या, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही शोधून काढलेल्या अडचणी उबुंटू लिनक्सवर क्लॉड कोड, कोडेक्स किंवा जेमिनी सीएलआय यांसारखा एजंट आयकॉनवरून सुरू करू पाहणाऱ्या कुणालाही नडणाऱ्या आहेत.

सगळ्यात छळणारी होती ती विंडो मिटण्याची. आयकॉन दाबला की टर्मिनल क्षणभर चमकायचं आणि गायब. तीच कमांड हाताने टाइप केली की एजंट सुरळीत चालू. डेस्कटॉपवरून सुरू होणारा प्रोग्रॅम बॅशआरसी (टर्मिनलमधल्या बॅश या शेलची, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, सेटिंग फाइल) वाचत नाही, आणि एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) बसवलेल्या नोडचा (जावास्क्रिप्ट प्रोग्रॅम चालवणारं साधन) पत्ता नेमका तिथेच असतो, म्हणून एजंट सुरूच होत नाही. आम्ही बॅशला ‘एल’ हा लॉगिनचा पर्याय दिला होता. त्यामुळे प्रोफाइल ही लॉगिनची सेटिंग फाइल वाचली जाते, ती पुढे बॅशआरसीला हाक मारते, पण उबुंटूच्या बॅशआरसीत सुरुवातीलाच ‘शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर मागे फिर’ अशी तपासणी आहे. एनव्हीएमच्या ओळी तळाशी. तिथवर कुणी पोचतच नाही! तुम्ही ‘एल’च्या जागी ‘आय’ हा इंटरॅक्टिव्हचा पर्याय घातलात. शिवाय कमांडच्या शेवटी अर्धविराम देऊन ‘एक्झेक बॅश’ जोडलंत, त्याने एजंटनंतर त्याच विंडोत नवा बॅश सुरू होतो, म्हणजे एजंट कोसळला तरी विंडो उघडी राहते आणि एररचा मजकूर वाचता येतो. आम्हाला हे दुसरं जास्त मोलाचं वाटतं, कारण पुढची प्रत्येक चूक आता डोळ्यांना दिसेल.

डेस्कटॉप फाइलीतली (आयकॉनमागची फाइल) ‘पाथ’ची, म्हणजे एजंट कुठल्या फोल्डरमध्ये उघडायचा ते सांगणारी, ओळही तुम्ही सुधारलीत. तिथे टिल्ड (होम फोल्डरसाठीचं ‘~’ हे चिन्ह) चालत नाही. ही फाइल शेल वाचत नसल्याने ते उलगडायला कुणी नसतं. पूर्ण पत्ताच लागतो. पत्ता चुकून एजंट होम फोल्डरमध्ये उघडला, तर रेपोच्या (प्रकल्पाच्या फोल्डरच्या) मुळाशी ठेवलेली क्लॉड डॉट एमडी ही क्लॉड कोडसाठीच्या सूचनांची फाइल सुरुवातीला वाचली जात नाही, आणि रेपोपुरता द्यायचा विश्वास अख्ख्या होम फोल्डरला दिला जातो.

मराठी नावांच्या फाइलींकडे तर आमचं लक्षच नव्हतं. बदललेल्या फाइलींची यादी लाँचर गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) ‘स्टेटस’ कमांडमधून घेतो. फाइलीचं नाव ‘पावती’ असेल, तर गिट नाव न देता आकड्यांची रांग देतं. एकट्या ‘प’चेच ३४०, २४४, २५२ असे तीन बाइट. नावं अशी आकड्यांत बदलणारी गिटची ‘कोअर डॉट कोटपाथ’ सेटिंग बंद करून भागलं असतं, पण ती सेटिंग प्रत्येकाच्या मशीनवर बदलावी लागली असती. तुम्ही पोर्सेलिनच्या (प्रोग्रॅमला वाचायला सोपं उत्तर देणारा पर्याय) जोडीला नावं न बदलता जशीच्या तशी देणारा ‘झेड’ पर्याय दिलात. त्यात नाव बदललेल्या फाइलीचं नवं नाव आधी आणि जुनं नंतर येतं, तेही सांभाळलंत.

वर्कट्रीचं (त्याच रेपोला जोडलेला आणखी एक कामाचा फोल्डर) बटण ही तुमचीच सूचना. दोन एजंट एकाच फोल्डरमध्ये सोडले की एकाने लिहिलेलं दुसरा पुसतो. गिटमध्ये वर्कट्री २०१५ सालच्या २.५ आवृत्तीपासून आहे, तरी आम्ही दरवेळी नवा क्लोन (रेपोची पूर्ण प्रत) घेत होतो. एकच ब्रँच दोन वर्कट्रींत उघडायला गिट नकार देतं, म्हणून बटण आता नव्या ब्रँचचं नाव विचारतं. नव्या वर्कट्रीत एन्व्ह फाइल (गुप्त किल्ल्या आणि सेटिंगांची) आणि नोड मॉड्यूल्स (प्रकल्पाला लागणारी पॅकेजं) येत नाहीत. त्यामुळे एन्व्हची प्रत आणि ती पॅकेजं बसवणारी ‘एनपीएम सीआय’ कमांड, दोन्ही त्याच बटणाला जोडलेत. फोल्डर हाताने उडवला असेल तर मागे राहिलेली वर्कट्रीची नोंद गिटच्या ‘प्रून’ कमांडने जाते.

वर्कट्री जबरदस्तीने काढण्याचं बटण आम्ही मागितलं होतं आणि तुम्ही ठाम नाही म्हणालात. बरोबर केलंत. कमिट न केलेलं काम असेल तर गिट स्वतःहून अडवतं; गिटइग्नोरमधल्या (गिटने दुर्लक्ष करायच्या) फाइली मात्र न विचारता जातात. म्हणून काढण्याआधी त्यांची यादी दाखवण्याची तुमची सूचनाही जशीच्या तशी घेतली आहे.

मॅकचं काम बाकी आहे. तिथे डॉकवरून उघडलेल्या ॲपला होमब्रूचा (मॅकवर प्रोग्रॅम बसवणारं साधन) फोल्डर सापडत नाही. सवड झाली की एकदा नजर टाकाल का?

आपले नम्र,
लाँचरची देखभाल करणारे आम्ही सगळे