विहिरीत टाकलेला खडा

नारायणगाव,
4 जून

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या कादंबरीचं बाड मिळालं. तीन रात्रींत वाचून काढलं. शेवटचं पान उलटलं तेव्हा पहाटेचे अडीच वाजले होते आणि त्यानंतर डोळ्याला डोळा लागला नाही. एक तर लिखाण आवडलं होतं, आणि दुसरं म्हणजे तुझा राग आला होता. फोनवर हे बोलता आलं नसतं. तू मध्येच "बरं बरं, बघतो" म्हणून विषय बदलतोस. म्हणून लिहितोय.

त्यातली नदी ओळखीची वाटली आणि मग आठवलं. आठवीत इतिहासाच्या वहीच्या मागच्या पानांवर आपण जो नकाशा काढला होता, त्यातलीच ही नदी. काळा किल्लाही तोच. तेव्हा आपल्या त्या राज्यात जादू होती आणि ती कुठून आली असा प्रश्न आपल्याला पडला नव्हता. आता तू तिला कर्ते दिलेस. फार पुढे गेलेली कुणी परकी जमात अंतराळात एक अजस्र नळकांडं बांधते, त्यात माती, पाणी, जंगलं भरते आणि हवेत धुळीएवढी यंत्रं सोडते. माणसानं ठरलेले शब्द उच्चारले की यंत्रं ते ऐकतात आणि दिवा लागतो. आतल्यांसाठी तो मंत्र. कल्पना म्हणून मला हे पूर्ण पटलं. नळकांडं तर तू हवेतून काढलेलं नाहीस. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओ'नील यांनी 1970च्या दशकात अंतराळातल्या असल्या वसाहतीचं गणित मांडलं होतं: साडेसहा किलोमीटर व्यास, 32 किलोमीटर लांबी, साधारण दोन मिनिटांत स्वतःभोवती एक गिरकी. त्या गिरकीमुळे आतल्या भिंतीवर उभ्या असलेल्या माणसाला पृथ्वीवरच्यासारखंच वजन जाणवतं. आतला सगळा पृष्ठभाग सुमारे 640 चौरस किलोमीटर भरतो, म्हणजे जवळजवळ आपली मुंबई. वर चढत जाणारी जमीन दिसू नये म्हणून तू डोंगरांमागे बारमाही धुकं ठेवलंस, ते तर फारच आवडलं.

आता राग.

पहिल्याच पानावर तू विज्ञानकथाकार आर्थर क्लार्क यांचा नियम घातलास, की पुरेसं पुढे गेलेलं तंत्रज्ञान जादूपासून वेगळं ओळखता येत नाही. ओळखता येत नाही, पण कुणाला? आणि किती दिवस? पुढची दोनशे पानं तू असं धरून चाललास की आतल्या माणसाला ते कधीच ओळखता येणार नाही. म्हणून शेवटी आकाशवाणी करावी लागली. कर्ते वरून सांगतात की हे सगळं आम्ही केलं. मग तुझी नायिका रेवा गुडघ्यांत डोकं घालून रडते, "म्हणजे सगळं खोटंच होतं?" म्हणते, आणि तिचे मंत्र चालेनासे होतात. आणि वर बसलेले ते हसतात.

ते हसणं मला फार लागलं रे. मयसभा आठवली. ती तरी दुसरं काय होती? खांडववनाच्या आगीतून वाचलेला एक दानव, परक्या जमातीतला कारागीर, चौदा महिने खपून पांडवांना सभा बांधून देतो. तिथं स्फटिकाची जमीन पाण्यासारखी दिसते आणि पाणी जमिनीसारखं. दुर्योधन कोरड्या फरशीवर वस्त्रं वर धरून चालतो आणि पुढे खऱ्या पाण्यात पडतो. ज्यांना आतली मेख ठाऊक होती ते हसले. लहानपणी आपणही हसलो होतो. आता वाटतं, मयानं काही वाईट केलं नाही, त्यानं उत्तम काम केलं. वाईट झालं ते त्या हसण्यात, आणि त्याची किंमत पुढे सगळ्यांनी मोजली. तुझ्या कर्त्यांनी एवढं जग उभं केलं, नद्या वळवल्या, मुलांना उमजतील असे मंत्र रचले. असल्या हातांना रेवावर हसू कसं येईल?

आणि खरं कळलं की नवल संपतं, हे तू कुठून आणलंस? खोडदच्या रेडिओ दुर्बिणीपाशी, म्हणजे आपल्या जीएमआरटीत, 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरतं, तिथं मी मुलांना घेऊन जातो. 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, पण थाळी म्हणावी तर ती नुसती तारेची जाळी, आरपार आभाळ दिसतं. यंदा नववीतल्या एका मुलीनं मांडून ठेवलेल्या जाळीच्या तुकड्यात बोट घालून विचारलं, "सर, एवढ्या भोकांतून सगळं गळून नाही का जाणार?" मी म्हटलं, आकाशातून येणारी रेडिओ लहर कमीत कमी वीतभर लांब असते, दोन-तीन मीटरचीही असते. भोक बोटाएवढं. लहरीच्या दृष्टीनं ही सलग भिंतच, वारा मात्र आरपार जातो, म्हणून एवढी मोठी थाळी हलक्या सांगाड्यावर पेलते. ती मुलगी काही बोलली नाही. बाकीची पोरं वडापाव खायला गेली आणि ही तिथंच उभी राहून एकदा वीत मापायची, एकदा बोट घालून बघायची. तिचा चेहरा मी पाहिला आहे. रेवाला तो चेहरा दे.

तो कसा देता येईल, याचाच मी त्या रात्री विचार करत बसलो. तिसऱ्या प्रकरणात तू लिहिलंस की रेवाचा बाप विहिरी खणायचा. पुढे ते विसरूनच गेलास! आणि सगळी किल्ली तिथंच आहे.

परवा आमच्या चुलत्यांच्या विहिरीवर गेलो. पाणी तळाला गेलंय, कठड्यापासून वीस मीटर असेल. ओळंबा सोडला, शेजारून खडा सोडला. एक, दोन, डुबुक. पृथ्वी फिरते म्हणून खडा ओळंब्यापासून पूर्वेला सरकतो, पण एवढ्या खोलीत जेमतेम 2 मिलिमीटर. डोळ्याला काय दिसणार? तुझ्या नळकांड्यात मात्र तोच खडा दीड मीटर सरकेल. ओळंबा सरळ लोंबत राहील आणि खडा गिरकीच्या उलट दिशेला तिरका जाईल. त्या बाजूच्या काठाला धरून सोडला तर पाण्यापर्यंत पोचणारच नाही, वाटेत भिंतीवर आपटेल. आतल्या लोकांना त्याचं काहीच वाटत नसणार. आजी सांगत असेल, नदीपलीकडचा देव खडा ओढतो. पण रेवा विहिरी खणणाऱ्याची पोर आहे, तिच्याकडे बापाचा ओळंबा आहे. ती मापेल. वीस मीटरच्या विहिरीत दीड मीटर, पाच मीटरच्या आडात वीतभर. देव ओढत असेल तर मापून कसा ओढतो?

गणित मी वहीत चार वेळा करून पाहिलं. खोलीची दुप्पट घ्यायची, तिचा घन करायचा, खडा सरकला त्या अंतराच्या वर्गाला नवानं गुणून त्यानं भागायचं. उत्तर येतं जगाची त्रिज्या! वजन किती, गिरकी किती वेगाची, काही ठाऊक असावं लागत नाही. विहीर कुठलीही घे, उत्तर तेच, तीन किलोमीटरच्या थोडं वर. ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसनं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या एका विहिरीच्या गोष्टीवरून पृथ्वी मापली. तिथं वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य थेट तळात उतरतो, आणि उत्तरेला अलेक्झांड्रियात त्याच वेळी सावली सात अंशांनी पडते, एवढ्यावर आणि त्या दोन गावांमधल्या अंतरावर. रेवालाही विहीर पुरेल. कुणी आकाशातून सांगायला नको.

दुसरी खूणही विहिरीतच ठेव. तुझा मांत्रिक नवव्या प्रकरणात टेकडी उचलतो. लहानशी, एक कोटी टनांची धरू, शंभर मीटर वर. त्याला लागणारी ऊर्जा म्हणजे कोयनेचे सगळे 1,960 मेगावॅट जवळजवळ दीड तास. यंत्रं कितीही पुढची असोत, एवढी ऊर्जा कुठून तरी यावी लागते, आणि टेकडी परत खाली आपटली की तिची उष्णताच होते. तेवढ्यानं 23 लाख टन पाणी एका अंशानं तापेल. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी 1960 साली हेच म्हटलं होतं: परक्यांचे संदेश शोधता तसे त्यांची ऊबही शोधा. तारा वेढून टाकण्याएवढी जगं कुणी बांधली, तर आत काहीही चालो, बाहेर ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात, दहा मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासच्या लहरींत, उजळणारच. आपल्या अंगाची ऊबही त्याच जातीची आहे. 2015मध्ये सुमारे एक लाख दीर्घिका अशा तपासल्या गेल्या. आपला बहुतेक ताराप्रकाश ऊब करून टाकणारी एकही सापडली नाही. शोध मात्र थांबलेला नाही, आणि मला त्याची फार ओढ वाटते.

म्हणून म्हणतो, मांत्रिकांच्या युद्धानंतर आठवडाभर गावातल्या विहिरींचं पाणी कोमट येऊ दे. बायका पोहरा ओढताना आपसांत बोलतील, तेवढंच. रेवानं त्या पाण्यात हात घातलेला दाखव. ती लगेच काही बोलायला नको.

कर्त्यांबद्दल एवढंच सांगतो, की त्यांना वाट बघणारे कर. ओळंबा लोंबतो आणि खडा तिरका जातो, हे लपवणं त्यांना जमलं असतं, त्यांची धुळीएवढी यंत्रं खड्याला सरळ पाडू शकली असती. त्यांनी तसं केलं नाही. का केलं नाही, ते तू ठरव, ते तुझ्यावर सोडतो.

बाडाच्या कडेला पेन्सिलीनं खुणा केल्या आहेत. शुद्धलेखन सोडून दिलंय, ते वहिनी माझ्यापेक्षा चांगलं बघतील. त्यांना नमस्कार, चिंगीला अनेक आशीर्वाद.

पाऊस अजून आठ-दहा दिवस लांब दिसतोय. एकदा लागला की विहीर चढेल आणि वीस मीटरची दहावर येईल. त्याच्या आत ये. ओळंबा कठड्यालाच बांधून ठेवलाय, सोडलेला नाही.

तुझा,
दिनू