क्रूझवरचा फ्रिज आणि इन्सुलिन

संपादक साहेब, नमस्कार. आजकाल आपल्या परभणी-लातूरकडची मंडळी पण मुंबईहून क्रूझने गोव्याला जायलीत, चांगलंच आहे, पण खोलीतल्या त्या छोट्या फ्रिजबद्दल बुकिंग करणारे एक शब्द सांगत नाहीत. आम्ही गेलो तेव्हा आईचं इन्सुलिन त्यात ठेवलं, दोन तासांनी हात लावून बघितलं तर आपल्या माठातलं पाणी याच्यापेक्षा गार! असल्या बऱ्याच मिनीबारमध्ये कंप्रेसरच नसतो, म्हणून आवाज येत नाही आणि गारवा पण जेमतेमच, न उघडलेल्या इन्सुलिनला मात्र २ ते ८ डिग्री लागतं. शेवटी जहाजावरच्या दवाखान्यात ठेवायला दिलं, तिथली नर्स बिचारी चांगली होती. आणि आत भरलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या फुकट नसतात बरं का, काही जहाजांवर तर नुसती उचलली तरी सेन्सरमुळे बिलात लागते, पोरं सोबत असली की पहिल्याच दिवशी रूमवाल्याला सांगून सगळं काढून न्यायला लावा. औषधासाठी वेगळा फ्रिज मिळतो का, हे एजंटांनी पैसे घेतानाच विचारून सांगायला काय हरकत आहे?

- एक वाचक, परभणी