ताई, बाईकच्या मागच्या ब्रेकसाठी थँक्यू

प्रिय ताई,

फोनवर थँक्यू म्हटलं की तू "बरं बरं, ठेव आता" म्हणून विषय संपवतेस, म्हणून हे लिहून काढतोय. आणि सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितोय, कारण तू मला जे सांगितलंस ते आधीच कुणी सांगितलं असतं तर माझी दोन महिन्यांची काळजी आणि एक अख्खं सील किट (ब्रेकमधल्या रबरी सीलचा सेट) वाचलं असतं. मित्राची मोठी बहीण एवढीच आपली ओळख, तरी तू तीन संध्याकाळ व्हिडिओ कॉलवर माझ्यासोबत बसून राहिलीस, हे मी विसरणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी आधी काय झालं होतं ते सांगतो. माझ्या बाईकचे मागचे ब्रेक पॅड (चाकाची डिस्क दाबून धरतात ते) झिजले होते ते मी स्वतःच बदलले, पिस्टन (ऑइलच्या दाबाने पॅड डिस्कवर दाबणारा गोल दट्ट्या) आत ढकलला, नवीन पॅड बसवले, ब्रेक मस्त लागायला लागला. मग आठ-दहा दिवसांनी बघतो तर मागच्या डबीतलं ब्रेक ऑइल खाली गेलेलं. मला वाटलं पॅड झिजले की लेव्हल थोडी उतरतेच, हे माहीत होतं, म्हणून वरून टाकलं आणि सोडून दिलं. पण पॅड तर नवे होते, एवढा साधा विचार तेव्हा केला नाही. नंतर पॅडल पायाखाली हळूहळू बसायला लागलं, रिमला ओलसर चिकट डाग दिसायला लागले आणि कॅलिपरच्या, म्हणजे पिस्टन आणि पॅड ज्यात बसतात त्या भागाच्या, खालच्या बाजूचा रंग फुगून निघायला लागला. मग मी कॅलिपर उघडला, किट आणून पिस्टनभोवतीचे दोन्ही सील (आतला ऑइल अडवतो, बाहेरचा डस्ट सील धूळ-पाणी अडवतो) बदलले, पिस्टनवर काळे काळे ठिपके होते ते पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले, सगळं परत जोडलं. तीन आठवडे कोरडं राहिलं आणि परत गळायला लागलं. त्या दिवशी खरंच खूप वाईट वाटलं, कारण सगळं नीट केलं अशी माझी खात्री होती.

तेव्हा तुझ्या भावाने तुझा नंबर दिला. मला वाटलं तू आधी विचारशील कुठलं किट टाकलं, कुठला पाना वापरला. तू विचारलंस, "ही गाडी अजून कोण चालवतं?" मी म्हटलं, धाकटी बहीण नेते कधीकधी. तर तू म्हणालीस, "आधी जा, हँडलला कागद बांध, मोठ्या अक्षरात लिही ब्रेक नाही, चालवू नको, आणि चावी स्वतःच्या खिशात ठेव, मग फोन कर." मी गेलो, कागद बांधला आणि मग परत फोन केला. तो कागद मी अजून टाकलेला नाही.

त्यानंतर तुझा दुसरा प्रश्न, ज्याच्यासाठी हे सगळं पत्र आहे असं म्हटलं तरी चालेल. "लीक पॅड बदलल्यावरच सुरू झाला ना रे?" मी गाडी तुला दाखवलीही नव्हती आणि तुला कसं कळलं हे मला कळेना. मग तू समजावलंस. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर बाहेर येत जातो, आणि जो भाग बाहेर येतो त्याच्यावर चिखल, पाणी, धूळ सगळं बसतं. मागच्या चाकाजवळ तर जास्तच, कारण टायर उडवतो ते सगळं तिथेच. डस्ट सील जुना झाला की पाणी त्याच्या आतही शिरतं. पिस्टनवर क्रोमचा पातळ थर असतो, तो कुठे फुटला की खालचं लोखंड गंजतं आणि बारीक खड्डे पडतात. हे खड्डे बाहेरच्या भागात असतात तोपर्यंत ब्रेकला काहीच होत नाही, कारण आतला सील पिस्टनच्या चांगल्या, गुळगुळीत भागावर बसलेला असतो. आपण नवे पॅड टाकायला पिस्टन मागे ढकलतो आणि तोच खड्ड्यांचा भाग नेमका सीलखाली नेऊन बसवतो. झालं, गळती सुरू. म्हणजे पॅड बदलताना माझ्याकडून फिटिंगची चूक झालीच नव्हती, गंज आधीपासून होता, मी फक्त तो आत ढकलला. हे ऐकून मला किती हलकं वाटलं ते तुला तेव्हा सांगितलं नाही.

तरी तू लगेच उघडू दिलं नाहीस. म्हणालीस आधी खात्री कर कुठून गळतंय, कारण ऑइल खाली ओघळतं आणि ओलं दिसतं तिथून गळत असेलच असं नाही. सगळं पुसून कोरडं केलं, बँजो बोल्टभोवती (ऑइलचा पाइप कॅलिपरला जोडणारा), निपलभोवती (हवा काढायचं छोटं तोंड) आणि पिस्टनच्या बाजूला वेगवेगळे कागदाचे तुकडे लावले, पॅडल वीस-पंचवीस वेळा दाबलं, रात्रभर ठेवलं. सकाळी वरचे दोन कागद कोरडे आणि पिस्टनकडचा ओला. डस्ट सीलची कड हळूच उचलली तर मागे ऑइल साठलेलं.

पिस्टन काढायची गोष्ट मुद्दाम लिहितोय, कारण इथे हाताला इजा होऊ शकते आणि मी कंप्रेसरची हवा मारायचं ठरवून बसलो होतो. तू कडकपणे नाही म्हणालीस. हवा दाबली जाते आणि पिस्टन सुटला की गोळीसारखा येतो, मध्ये बोट असेल तर बोट गेलं. त्यापेक्षा होज (ऑइलचा पाइप) तशीच जोडलेली ठेव, कॅलिपर नुसता ब्रॅकेटवरून सोडव, पॅड काढ, समोर लाकडाचा ठोकळा आणि फडकं ठेव, आणि ब्रेकच्या पॅडलनेच हळूहळू बाहेर ढकल, डबीत ऑइल कमी होऊ देऊ नकोस. ऑइल हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन जेवढं ढकलू तेवढाच सरकतो. अगदी तसंच झालं, शेवटी अलगद फडक्यात आला. डोळ्यांना चष्मा लाव हे तू तीनदा सांगितलंस. आणि बादलीभर पाणी जवळ ठेवायला लावलंस, कारण हे ऑइल रंगावर पडलं की रंग खातं, लगेच पाण्याने धुवायचं. दोन थेंब टाकीवर उडालेच, पण पाणी हाताशी होतं म्हणून डाग राहिला नाही.

मग तू म्हणालीस, "आता डोळे मिट आणि पिस्टनवरून नख फिरव." मला तर तो पिस्टन चांगला दिसत होता, मीच घासून चमकवला होता ना. नख फिरवलं आणि तीन ठिकाणी अडकलं. "नख अडकलं की पिस्टन गेला," तू एवढंच बोललीस. आणि मग पॉलिश पेपरचं सांगितलंस, की घासल्याने खड्डा भरत नाही, उलट आजूबाजूचं क्रोम अजून पातळ होतं, मग गंज जास्त वेगाने येतो. मी काळजीने, वेळ घालवून केलेलं काम चुकीचं होतं हे तू न ओरडता सांगितलंस त्याचे वेगळे आभार. नवीन पिस्टन मागवला आणि तो येईपर्यंत गाडी तशीच कागद बांधून उभी राहिली.

मधल्या दिवसांत खाचा साफ केल्या. कॅलिपरच्या आत सील ज्या खाचेत बसतो तिथे अॅल्युमिनियमचा पांढरा कडक थर जमलेला होता, पहिल्या वेळी मी तो नीट बघितलासुद्धा नव्हता, नवीन सील त्याच्यावरच बसवला होता. त्या थरामुळे सील वर उचलला जातो, पिस्टनला जास्त आवळतो आणि ब्रेक चिकटून राहतो. स्क्रू ड्रायव्हरने खरवडायला गेलो तर तू कॅमेऱ्यातून "थांब थांब थांब" केलंस, ओरखडा पडला तर अख्खा कॅलिपर वाया. लाकडी काडी तासून टोकदार केली, जुना टूथब्रश घेतला, ब्रेक क्लीनर मारत मारत तासभर फक्त दोन खाचा. कंटाळवाणं काम आहे पण माझ्या मते मागच्या वेळेत आणि या वेळेत अर्धा फरक याच तासाने पडला.

त्याच संध्याकाळी मी सहज विचारलं होतं की पॅडल सोडल्यावर पिस्टन मागे कोण ओढतं, आत स्प्रिंग तर कुठेच दिसत नाही. त्यावर तू जे सांगितलंस ते मी नंतर चार जणांना सांगितलंय. सील गोल कडीसारखा दिसतो, पण कापून बघितला तर काप चौकोनी असतो, आणि पिस्टनला घट्ट धरून बसतो. ब्रेक दाबला की पिस्टन अगदी थोडा, मिलिमीटरचा छोटासा भाग पुढे जातो, सील त्याला सोडत नाही, पिस्टनबरोबर वाकतो, पीळ खाल्ल्यासारखा. प्रेशर गेलं की सील पुन्हा सरळ होतो आणि पिस्टनला तेवढंच मागे घेऊन येतो. आणि पॅड झिजले की पिस्टनला सील वाकतो त्याच्यापेक्षा जास्त पुढे जावं लागतं, तेव्हा तो सीलमधून थोडा सरकतो आणि नवीन जागेवर बसतो, म्हणून डिस्क ब्रेक आपोआप अॅडजस्ट होत राहतो. एवढीशी रबराची कडी ऑइल अडवते, पिस्टन मागे घेते आणि झीजही भरून काढते! इतकी वर्षं पाय ठेवत होतो त्या पॅडलवर आणि मला हे ठाऊक नव्हतं. त्या रात्री जुना सील हातात घेऊन मी बराच वेळ वाकवून बघत बसलो होतो.

ऑइलचंही तसंच. "नावाला ऑइल म्हणतात, पण ते तेल नाही," हे तुझं वाक्य. डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ हे ब्रेक ऑइलचे प्रकार ग्लायकॉलवाले, त्यांच्या ब्रेकमधलं रबर साध्या तेलाने, ग्रीसने, पेट्रोलने फुगतं, म्हणून सीलला इंजिन ऑइलचं बोटसुद्धा लागता कामा नये. आणि डॉट ५ म्हणजे सिलिकॉन, ते पूर्ण वेगळं, नुसत्या आकड्यावर जाऊन यांच्यात मिसळायचं नाही. डबीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच टाकायचं, माझ्या गाडीला डॉट ४. कपाटातली अर्धी उघडलेली बाटली वापरू का विचारलं तर तू सरळ नाही म्हणालीस, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. नवीन डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा नियम आहे, तेच पाणी प्यायलेलं असलं की ती मर्यादा १५५ वर येते, आणि उतारावर ब्रेक तापला की वाफ होऊन पॅडल मऊ पडतं. शिवाय तेच पाणी आतून गंज धरतं.

आपलं एकदाच वाजलं ते पॅडवरून, आठवतंय? पॅड दोन-अडीच महिनेच वापरलेले, मला टाकवेनात, मी म्हणत होतो ब्रेक क्लीनरने धुतो. तू म्हणालीस पॅड स्पंजसारखा असतो, ऑइल आत मुरलं की वरून कितीही धू, तापल्यावर परत बाहेर येणार. मी थोडा चिडलोच होतो. तू बरोबर होतीस, आणि इथे जाहीरपणे सांगतो, ऑइल लागलेले पॅड ठेवू नका.

जोडणं त्या मानाने पटकन झालं. सील नव्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बोटानेच बसवले, आत जाड, बाहेर डस्टचा. पिस्टन दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबायचा, तिरका झाला की काढून परत, हातोडी नाही. पहिल्यांदा अडला, दुसऱ्यांदा असा सावकाश आत गेला की मला हसूच आलं. स्लाइड पिना (कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या) साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं, बँजोचे तांब्याचे दोन्ही वॉशर नवे टाकले, बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या) आवळले.

ऑइलमध्ये अडकलेली हवा काढताना मात्र मी रडकुंडीला आलो होतो. दाब, धरून ठेव, निपल उघड, बंद कर, मग पाय सोड, हे बहिणीला पॅडलवर बसवून कितीतरी वेळा केलं, पाइपमधले बुडबुडे थांबले तरी पॅडल मऊच. तू म्हणालीस कॅमेरा कॅलिपरवर धर, आणि पाच सेकंदात सांगितलंस की निपल सगळ्यात वर नाहीये, त्याच्या वर हवा अडकून बसलीये. कॅलिपर सोडवून हातात धरला, पॅडच्या मध्ये लाकडाची फळी, निपल वर, परत हवा काढली. एक मोठा बुडबुडा गेला आणि पॅडल दगडासारखं झालं. बहीण ओरडलीच, "आलं आलं!"

कॅलिपर जागेवर बसवून त्या रात्री तुझ्या सांगण्याप्रमाणे पॅडल दाबून बांधून ठेवलं आणि खाली पांढरा कागद पसरला. मी मध्यरात्री उठून टॉर्च घेऊन एकदा बघून आलो. सकाळी कागद कोरडा. चाक हाताने फिरवलं तर मोकळं फिरत होतं. आधी ढकलत नेऊन ब्रेक दाबला, मग रिकाम्या रस्त्यावर हळू, मग हळूहळू वेग वाढवत नवे पॅड डिस्कशी जुळवून घेतले. आज साडेतीन महिने झाले, दर रविवारी डबीची लेव्हल बघतो, पेनाने खूण केलीये तिथेच आहे. बहिणीला चावी परत दिली.

तू एकदाही "आण इकडे, मी करून देते" असं म्हणाली नाहीस. तुला ते दीड तासाचं काम होतं, मला तीन संध्याकाळ लागल्या आणि तू त्या तिन्ही दिल्यास. आता पुढच्या चाकाचा कॅलिपर बघायचाय, त्याचे पॅड अर्धे झालेत, या वेळी ढकलायच्या आधी पिस्टन पुसून नख फिरवून बघणार आहे.

आणि हो, तू म्हणाली होतीस जुना पिस्टन टाकू नको, पुढच्या वेळी कुणी विचारलं तर त्याच्या हातात द्यायला हवाय. पुसून, डबीत घालून ठेवलाय. इकडे येशील तेव्हा घेऊन जा.

तुझा,
भावाचा मित्र