उन्हाळ्याची खुशाली

कोल्हापूर

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा दोन वाक्यांत ‘बरं बरं, ठेव आता’ म्हणतात आणि आईचा एक कान कुकरच्या शिट्टीकडे असतो. म्हणून म्हटलं, यंदा कागदावरच सविस्तर लिहावं. पत्र दुपारी पंख्याखाली बसून निवांत वाचता येतं.

अकोल्याचा पारा ४४ वर गेल्याचं काल बातम्यांत बघितलं. बाबा, दहाच्या आत बाजार उरकत जा, उपरणं नुसतं खांद्यावर टाकून उपयोग नाही. इकडे ३८ झालं तरी लोक ‘काय ऊन म्हणायचं हे!’ म्हणत फिरतात. मी गप्प बसते. आपल्याकडचं ऊन बघितलं तर काय म्हणतील! शिवाय इथे दुपारनंतर ढग भरून येतात आणि एखाद्या दिवशी वळीव असा झोडपतो की अंगणात कैऱ्यांचा सडा पडतो. आई, त्याच कैऱ्यांचा तक्कू केला. तुझ्यासारखा नाही जमला, पण संपला.

पाडव्यापासून घर भरलेलंच आहे. आधी बेळगावहून सुहासचे मामा-मामी आले, मग चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला इचलकरंजीची आत्या, आणि शाळांना सुट्टी लागल्यावर दादा-वहिनी मुलांना घेऊन. दादानं सांगितलं असेलच, पण तो सांगणार म्हणजे तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या किती वाट्या झाल्या तेवढंच. बाकीचं माझ्याकडून ऐका.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला आम्ही गेलो नाही. पौर्णिमेला डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, गुलालानं सगळं गुलाबी होतं, ते बघण्यासारखं असतं हे खरं. पण त्या गर्दीत मामींना नेणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशीचा अंबाबाईचा रथोत्सव मात्र सगळ्यांनी मिळून बघितला. रात्री रथ निघतो, रस्ताभर रांगोळ्या घातलेल्या असतात. ओळखीच्या दुकानदारानं मामींना खुर्ची दिली, बसल्या जागी दर्शन झालं. मला राहून राहून आई, तुझीच आठवण येत होती. तुझ्या गुडघ्यांना हे सहज जमण्यासारखं आहे.

खरं तर हल्ली कुठेही गेले की मी हेच मोजते. पायऱ्या किती, सावली कुठे, गाडी कुठवर जाते. त्या हिशेबात पहिला नंबर खिद्रापूरचा. देऊळ गावातच आहे, चढ म्हणून नाही. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं काम. समोरचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा, आणि त्याचं छत मध्यभागी गोल उघडं ठेवलेलं. बरोबर त्याच्याखाली तशीच गोल शिळा. दादाचा धाकटा तिच्यावर सरळ आडवा झाला आणि ‘आत्या, वर देवाची खिडकी आहे’ म्हणाला. मग काय, मोठी माणसंही एकेक करून तिथे उभी राहून वर बघायला लागली. खांब आधी लांबून सारखेच दिसतात. जवळ गेलं की कुठे चौकोन, कुठे आठ बाजू, कुठे गोल, आणि काही इतके गुळगुळीत की हात लावावासा वाटतो. देवळाच्या पायाला चारी बाजूंनी हत्ती कोरलेत, त्यांच्या पाठीवर सगळा भार. बरेच भंगलेत, सोंडा गेल्यात, तरी उभे आहेत.

शंकराचं देऊळ असून दारात नंदी नाही, हे मामींच्या लगेच लक्षात आलं. कथा अशी की सती दक्षाच्या यज्ञाला गेली ती नंदीवर बसून, आणि इकडे शंकर रागावले म्हणून हा कोपेश्वर. तो नंदी पलीकडे यडूरला आहे असं लोक सांगतात, आणि यडूर म्हणजे बेळगाव जिल्हा! मामी एवढ्या खूश झाल्या की परतीच्या वाटेत ‘नंदी आमच्याकडं हाय’ हे सगळ्यांना दोनदा ऐकवून झालं.

येताना नरसोबाच्या वाडीला थांबलो. कृष्णा-पंचगंगेचा संगम, पाणी बरंच खाली गेलेलं. कवठाची बर्फी आणि बासुंदी घेतली. बाबा, तुमच्या साखरेचा रिपोर्ट बघितल्याशिवाय बासुंदीचं नाव काढायचं नाही, बर्फीचा तुकडा मात्र मिळेल.

पन्हाळ्याला मुलांसाठी गेलो. गाडी थेट वर जाते, पण तटावरून फिरायचं तर चालणं आलंच, तेव्हा तुमच्यासाठी फक्त अंबरखाना. बाहेर भाजत असताना आत गारवा असतो. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्यकोठारांची नावं. थोरल्यानं १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा शाळेत नुकताच वाचलेला, त्यामुळे राजदिंडी कुठे, महाराज कुठून उतरले, हे तोच आम्हाला सांगत होता. झुणका-भाकर आणि म्हशीचं दही खाऊन खाली आलो.

आता बाबांसाठी. मागच्या शेवग्याची एक फांदी वाळली होती. वायरीकडे झुकली म्हणून पाऊस लागायच्या आत तोडायची ठरली होती. कोयता घेऊन माणूस आला त्याच सकाळी फांदीच्या खालच्या बाजूनं भुसा पडताना दिसला. वर बघितलं तर तांबट! चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळाला आणि छातीला लाल, डोळ्याभोवती पिवळं, आणि चोचीच्या बुडाशी मिशा. अर्धं अंग भोकात घालून टोचायचा, मग मागे येऊन चोचीतला भुसा मान झटकून टाकायचा. सुहासनं त्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं. शेजारचे काका म्हणाले, ‘पिल्लं भाईर पडूदेत, मग बघू की. फांदी कुठं पळून जात नाही.’

आता नर-मादी आळीपाळीनं आत जातात, म्हणजे अंडी असावीत. हा पक्षी ‘टुक टुक टुक’ करतो तेव्हा चोच उघडत नाही, नुसता गळा फुगतो. शिवाय मान फिरवत ओरडतो, त्यामुळे आवाज एकदा उजवीकडून आल्यासारखा वाटतो, एकदा डावीकडून. काव-चिव सोडून ज्याला एक पक्षी ओळखता येत नव्हता, तो तुमचा जावई रोज सकाळी चहाचा कप घेऊन शेवग्याखाली बसतो. पेपर घडी न मोडता तसाच पडलेला असतो!

बाकी मंडळी नेहमीचीच. पाण्याच्या परळावर सातभाईंची दादागिरी. सगळे एकदम येणार, भांडणार आणि पाणी कमी पिऊन जास्त सांडणार. बुलबुल ते गेल्यावर येतात. उजाडायच्या आत दयाळ डिशच्या तबकडीवर बसून शीळ घालतो. कोकीळ तर भर दुपारीसुद्धा थांबत नाही, आणि कावळे त्याच्या मागे लागलेले असतात. बाबा, ते का लागतात हे तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतंत.

तर मुद्द्याचं. मृग लागायच्या आत या. महाराष्ट्र एक्सप्रेस अकोल्याहून थेट कोल्हापूरला येते, कुठे गाडी बदलायची नाही, एक रात्र गाडीत काढायची इतकंच. दोन्ही बर्थ खालचे मिळतात का ते मी बघते. स्टेशनवर सुहास येईल, हमालाशी घासाघीस करत बसू नका. खालची खोली रिकामी केली आहे, संडास-बाथरूम लागूनच आहे, कमोड बसवून घेतलाय. ‘लेकीकडे किती दिवस राहायचं’ हा विषय बाबांनी काढायचा नाही. आई, कुरडया वाळवून झाल्या नसतील तर तशाच गच्चीवर टाकून ये, वहिनी बघेल.

तारीख तेवढी कळवा, म्हणजे तिकिटं काढते. बाबांच्या गोळ्यांची चिठ्ठी मात्र येताना आठवणीनं बरोबर घ्या.

तुमची,
मीनल