चार म्हशींची धार आणि निकालपत्रातली एक ओळ : विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांना सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझ्या बायकोच्या अपघाताच्या दाव्याचा निकाल गेल्या आठवड्यात लागला. कुठं आणि कुणापुढं, ते लिहीत नाही. निकालपत्रात तिच्या वाट्याला एकच ओळ आली : मयत गृहिणी होती, उत्पन्नाचा पुरावा नाही. त्याखाली महिन्याचा मोघम आकडा. मग तिचा स्वतःचा खर्च म्हणून त्यातून वजावट (चहाशिवाय तिचा खर्च मला तरी आठवत नाही), वर्षाचा हिशेब करून वय ४३ साठी ठरलेल्या १४ नं गुणाकार, आणि विषय संपला.

पुरावा होता, साहेब. गोठ्यात चार म्हशी होत्या. पहाटेची धार तिची, वैरण तिची, शेणघाण तिची. किटली घेऊन दूध संस्थेत रांगेला तीच, आणि फॅट कमी लागली की सेक्रेटरीशी भांडायलाही तीच. सभासद मात्र मी. त्यामुळं दर दहा दिवसांचं बिल आणि दिवाळीचा फरक, सगळं माझ्या नावावर. पासबुकं दाखल केली होती. विमा कंपनीच्या वकिलानं एवढंच विचारलं, "खातं कुणाचं?" पुढं कुणी ती पासबुकं उघडलीच नाहीत. आता दोन म्हशी विकल्या. उरलेल्या दोघींतली एक मला कासेला हात लावू देत नाही. हे नुकसान कोर्टाच्या पुराव्यात कितव्या निशाणीवर दाखल करायचं?

माझा भाचा लॉ करतोय. तो म्हणाला, मामा, खटल्याशी संबंध नसलेल्या गोष्टींचा निकालावर परिणाम होणं जगभर चालतं. जर्मनीतल्या २००६ सालच्या एका प्रयोगात कायद्याच्या जाणकारांना दुकानातल्या चोरीचा खटला दिला आणि शिक्षा सुचवण्याआधी फासे टाकायला लावले. फासे लबाडीचे, बेरीज ३ तरी येणार नाहीतर ९. तीनवाल्यांनी सरासरी ५ महिने सुचवले, नऊवाल्यांनी ८. इस्रायलमध्ये पॅरोलचे हजारावर निकाल तपासले, तर जेवणाच्या सुट्टीआधी सुटका जवळजवळ शून्यावर आलेली. त्यावर नंतर वाद झाला म्हणे, की वकील नसलेले कैदी शेवटी घ्यायची तिथली रीत होती. आमचा नंबर वकील देऊनही शेवटीच.

डोक्यावर कामाचा ढीग असला की माणूस हाताला लागेल तो आकडा धरतो आणि त्याच्याच आसपास फिरतो. आमचे फासे तर कायद्यानंच बनवून दिले होते. मोटार वाहन कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात १९९४ पासून लिहिलेलं होतं : न कमावणाऱ्याचं उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये, आणि जोडीदार असेल तर कमावत्याच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश. २०१९ च्या दुरुस्तीत ते परिशिष्ट काढलं. गृहिणीच्या कामाचं मोल धरा, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये पुन्हा बजावलं. पण 'गृहिणी' हा शब्द दिसला की पेन अजून जुन्याच वाटेनं जातं.

न्यायाधीशसाहेबांना तरी किती बोलायचं? दाराबाहेर लावलेला त्या दिवसाचा बोर्ड, म्हणजे प्रकरणांची यादी, वाचतानाच मला धाप लागली. आमचा पुकारा झाला तेव्हा शिपाई सुट्टीसाठी घड्याळाकडं बघत होता. दहा लाख लोकांमागं ५० न्यायाधीश हवेत, असं विधी आयोगानं १९८७ साली सांगितलं. आज गाडी २१-२२ वर अडलीय आणि देशभर पाच कोटींवर खटले तुंबलेत. एवढ्या वर्षांत तुमच्या सगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली. आमदारांचे पगार वाढवायचं विधेयक कधी तुंबल्याचं ऐकलं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये इथं कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. चाळीसेक वर्षांच्या मागणीचं चीज झालं, आम्हीही पेढे वाटले. पण अपील जवळ आलं म्हणून खालचा निकाल घाईतच लागावा काय? खालच्या कोर्टातल्या रिकाम्या खुर्च्या भरा. बोर्डावर रोज किती प्रकरणं लावायची याला उच्च न्यायालयाशी बोलून मर्यादा घाला. आणि मोघम उत्पन्न धरायचं असेल तर तोच आकडा का, हे निकालात लिहिणं बंधनकारक करा. निदान किमान वेतनाचा चालू तक्ता तरी न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवा, तो छापायला तुम्हाला काही कोटी लागणार नाहीत.

अपिलाला ९० दिवस आहेत, ते मी करतोय. "आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवले आहे" हे उत्तर मात्र धाडू नका. तसली घरात बरीच आहेत.

आपला,
करवीर तालुक्यातला एक दूध उत्पादक (संस्थेच्या कागदावर)